टेलकडचा टीव्ही

कुणी सकाळी सकाळी 'राम राम' घातला, तर गोविंदराव आधी त्याच्या हाताकडं बघत, मग तोंडाकडं, आणि याचं आपल्याकडं काय काम असावं याचा अंदाज आला की मगच 'राम राम' म्हणत. मानवतच्या कालव्याच्या कचेरीत हेडक्लार्की करून स्वभावच तसा झाला होता. पाण्याच्या वाटपाचं काम ज्यानं केलं त्याला माणूस आरपार कळतो, असं त्यांचं मत. वरचा शेतकरी गुपचूप पाट फोडून घेतो, खालच्याचं वावर कोरडं राहतं, आणि विचारायला जावं तर वरचा म्हणतो, "खेकड्यानं भोक पाडलं असंल सायेब." असले खेकडे गोविंदरावांनी जन्मभर पाहिले होते. कालव्याच्या अगदी शेवटी ज्यांची जमीन, त्यांना सगळे टेलवाले म्हणायचे. टेलवाल्यांच्या तक्रारी गोविंदरावांच्या टेबलावर यायच्या आणि ते प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात 'चौकशी चालू आहे' असं लिहायचे. चौकशी खरंच चालू असायची. ती संपल्याचं मात्र कुणाला आठवत नव्हतं.

अशा माणसाच्या घरात टीव्ही शिरला हीच मुळात नवलाची गोष्ट. परभणीला टॉवर झाला, मानवतच्या माळवदांवर एकेक अँटेना उगवायला लागली, तरी गोविंदराव हटून बसले होते. "दिल्लीतली बाई रोज संध्याकाळी आपल्याकडं बघून हसती. कामून हसती? तिचं आपल्याकडं काय काम?" हा त्यांचा बिनतोड सवाल होता. शेवटी स्वतःला बातम्या कळाव्यात आणि विमलबाईंचं हिंदी सुधारावं, अशा शुद्ध शैक्षणिक हेतूनं त्यांनी एक काळापांढरा टीव्ही आणला. तोही लाकडी कवाडांचा, कुलूप लागणारा. किल्ली त्यांनी जानव्याला बांधली. एवढं करूनही कचेरीतून आल्यावर चपला काढायच्या आधी ते टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायचे, वैद्यानं तापकऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा.

एकदा ती पाठ गरम लागली.

"कुणी लावला होता?"

"किल्ली तुमच्या गळ्यात, मी कशी लावू?" विमलबाई म्हणाल्या. "उन्हानं तापला असंल. मी पण सकाळपासून चुलीपुढं तापलेय, मला बघता का हात लावून?"

गोविंदरावांचं समाधान झालं नाही. कुलपासोबत दोन किल्ल्या येतात ही गोष्ट दुकानदारानं विमलबाईंच्या कानात सांगितली होती, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? दुपारी टीव्हीवर कॉलेजच्या पोरांसाठी इंग्रजीतून पाठ चालायचे. विमलबाईंना इंग्रजीचा गंध नव्हता, पण चित्रं समजत होती. एके दिवशी ताटात भाकरी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "अहो, उंटाच्या पाठीत पाणी नसतंय बरं का. चरबी असती." गोविंदरावांचा घास हातातच राहिला. "तुला कुणी सांगितलं?" विमलबाईंनी डोळ्याचं पातं न लववता सांगितलं, "शेजारच्या केशरबाईनी." केशरबाईंना उंटाविषयी एवढं कसं माहीत, याचा विचार गोविंदरावांनी त्या रात्री बराच केला. केशरबाईंचे यजमान बन्सीधरशेठ कापसाचे आडते. कापूस आणि उंट यांचा संबंध काही जुळेना.

तर अशी सगळी घडी बसलेली असताना हेमा परभणीहून आली.

हेमा म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकायला होती, तिथल्याच वसतिगृहात राहायची. दिवाळीच्या सुट्टीत आली ती दारातूनच ओरडत. टीव्हीवाले विद्यापीठात आले होते, कापसावरच्या बोंडअळीचा कार्यक्रम करून घेऊन गेले होते, आणि त्यात हेमाच्या वर्गाला उभं केलं होतं. इतकंच नाही, तर हेमाला हिंदीत दोन वाक्यं बोलायला लावली होती.

"येत्या बुधवारच्या पुढच्या बुधवारी दाखवणार आहेत बाबा, संध्याकाळच्या शेतीच्या कार्यक्रमात. तुमी बघणार ना?"

"तुलाच कामून बोलायला लावलं?" गोविंदरावांनी विचारलं.

"माझं हिंदी बरं आहे म्हणून."

"तसं म्हणाले का ते?"

विमलबाईंनी कपाळावर हात मारला. पण गोविंदरावांचा चेहरा नीट बघितला असता तर ते मनातल्या मनात फुलल्याचं कळलं असतं. दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी एकेकाला बाजूला घेऊन, "उगं बोभाटा करू नका," असं बजावत ही बातमी सांगितली. संध्याकाळपर्यंत अर्ध्या मानवतला ठाऊक झालं. बुधवारी सगळ्यांनी आपल्या घरी यायचं, असं आमंत्रणही ते देऊन बसले. त्यांच्या आयुष्यात त्यांनी कुणाला कारणाशिवाय घरी बोलावल्याची ही पहिलीच वेळ होती.

आणि मग त्यांना आठवलं की आपल्या टीव्हीवर मुंग्या दिसतात.

तसं दिसायचं काहीतरी. बातम्या देणारी बाई आहे की बुवा, एवढं आवाजावरून कळायचं. बातम्यांपुरतं भागत होतं. पण पोटची पोर मुंग्यांत कशी शोधायची? गोविंदरावांनी सहज म्हणून बन्सीधरशेठच्या खिडकीतून आत डोकावलं, तर तिथलं चित्र आरशासारखं लख्ख. दिल्लीच्या बाईच्या कानातली कुडीसुद्धा दिसत होती. गोविंदराव खिडकीपासून मागं सरले, आपल्या माळवदावर चढले आणि पूर्वेला परभणीकडं तोंड करून उभे राहिले. समोर पहिल्यांदा बन्सीधरची गच्ची. तिच्यावर बन्सीधरची अँटेना. तिच्या मागं आपलं माळवद, आपली अँटेना, आणि त्यापलीकडं गाव संपून नुसता उकिरडा.

त्यांच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. परभणीहून निघालेलं चित्र आधी बन्सीधरच्या अँटेनात शिरत होतं. त्याचं पोट भरून जे उरेल ते पुढं येत होतं. म्हणजे आपण टेलवाले!

एरवी त्यांनी या शोधाचीसुद्धा चौकशी केली असती. पण लिंबाजीनं शिक्कामोर्तब केलं. लिंबाजी हा कालव्यावरचा पाटकरी, म्हणजे दारं उघडून पाण्याची पाळी देणारा माणूस. त्यानं अँटेनांकडं बघून मान डोलावली. "बराबर हाय सायेब. वरला दांडगा असला की खाली थेंब येत न्हाई. त्याच्या दांड्या बगा किती, अन् तुमच्या किती! लय वढायलाय त्यो."

"मग इलाज?"

"पाण्याला हाय. ह्याला काय दार न्हाई, काय न्हाई. दरखास्त द्या."

दरखास्त देणं गोविंदरावांच्या हातचा मळ होता. 'वरील बाजूच्या अँटेनाधारकाकडून होणाऱ्या चित्राच्या अतिउपशाबाबत' असा विषय घालून त्यांनी अर्ज लिहिला, आणि रजा टाकून तो घेऊन परभणी गाठली. टॉवरवरचा इंजिनिअर तरुण पोरगा होता. त्यानं अर्ज वाचला, परत वाचला, मग हळूच म्हणाला, "काका, लहरी अशा संपत नसतात. सूर्याचं ऊन शेजाऱ्यानं घेतलं म्हणून तुमच्याकडं कमी येतं का? तुमची वायर कुजली असेल, ती बदला." मग त्यानं चहा मागवला.

तो चहा आला नसता तर गोविंदरावांचा कदाचित विश्वास बसला असता. पण ओळख ना पाळख, सरकारी माणूस तक्रारदाराला चहा पाजतो? स्वतः त्यांनी इतक्या वर्षांत एकाही टेलवाल्याला साधं पाणी विचारलं नव्हतं. त्याअर्थी पाणी कुठंतरी मुरत होतं. बन्सीधरचा हात परभणीपर्यंत पोचलेला आहे, असा निष्कर्ष काढून ते परतीच्या एस.टी.त बसले. इंजिनिअरनं हसून निरोप दिला होता, हेही त्यांनी लक्षात ठेवलं.

मग त्यांनी आपली अँटेना उंच करायला घेतली. लिंबाजीनं पाइपाला बांबू जोडला, बांबूला आणखी एक बांबू जोडला. गल्लीनं सल्ले दिले. कुणी म्हणालं अँटेनाला तांब्याची तार गुंडाळा, कुणी म्हणालं जर्मन धातूची ताटली बांधा. गोविंदरावांनी दोन्ही केलं. एवढं झाल्यावर अँटेना देवळाच्या कळसाच्या बरोबरीला गेली, पण मुंग्या होत्या तेवढ्याच राहिल्या. बन्सीधरशेठ गच्चीवरून हे सगळं बघत होते. ते भल्या मनानं म्हणाले, "गोविंदराव, खामखा कामून तरास करून घेता? हेमा बिटियाचा कार्यक्रम आमच्याकडं बघू की. सतरंजी टाकतो, सगळी गल्ली येईल."

गोविंदरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. आपलंच चित्र चोरायचं आणि वर आपल्यालाच सतरंजीवर बसवायचं! लेक आपली, आणि तिला बघायचं चोराच्या दिवाणखान्यात? "बघू," एवढंच ते म्हणाले. या 'बघू'चा अर्थ कचेरीतल्या लोकांना चांगला माहीत होता.

सोमवारी भर दुपारी, गल्ली जेवून लवंडलेली असताना, गोविंदराव पक्कड घेऊन बन्सीधरच्या गच्चीवर उतरले. पाप करायचा त्यांचा इरादा नव्हता. अँटेनाचं तोंड परभणीकडून काढून पाथरीकडं, म्हणजे उलट दिशेला करायचं, बुधवारचा कार्यक्रम बघायचा आणि गुरुवारी परत होतं तसं करून ठेवायचं. कालव्यावर याला पाळी म्हणतात, चोरी म्हणत नाहीत. त्यांनी नट सैल केला. तो जरा जास्तच सैल झाला, बोटातून निसटला, गडगडत पन्हाळीत गेला आणि तिथून खाली गटारात. अँटेना भिंगरीसारखी फिरायला लागली. आता काय करावं? खिशात कचेरीतल्या फायली बांधायची लाल फीत होती. तिनंच त्यांनी अँटेना पाथरीकडं तोंड करून करकचून बांधली आणि घाम पुसत खाली आले.

त्या संध्याकाळी त्यांच्या टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं.

हवा निवळली होती, की विजेचा दाब बरा होता, की दिल्लीलाच काही सुचलं, देव जाणे. पण बाईची कुडी दिसली. गोविंदरावांनी विमलबाईंना हाक मारली. "बघ! म्हणत होतो की नाही?" काय म्हणत होतो, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मंगळवारी मुंग्या परत आल्या, तेव्हा मंगळवार म्हणून आल्या असतील अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

बुधवार उजाडला. विमलबाईंनी चिवड्याचं भलंमोठं पातेलं केलं. हेमा वसतिगृहावर परत गेली होती. तिथल्या मेसमध्ये टीव्ही होता, ती तिथं बघणार होती. गोविंदराव कचेरीतून लवकर आले आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकले. मानवतमध्ये वानरांची एक टोळी वर्षानुवर्षं फिरत होती. गावातली सगळ्यात उंच जागा तिला पसंत असायची, आणि या आठवड्यात ती जागा गोविंदरावांच्या माळवदावर उभी राहिली होती. एक दांडगा हुप्प्या बांबूच्या शेंड्यावर बसला होता, दुसरा त्याला खाली ओढत होता. गोविंदरावांच्या डोळ्यांदेखत बांबू वाकला, कडाडला, आणि दांड्या, ताटली, तार असं सगळं खणखणत अंगणात येऊन पडलं. ताटली घरंगळत त्यांच्या पायापाशी आली.

मंडळी जमायला लागली होती. टीव्हीची कवाडं उघडली, तर आत आता मुंग्याही नव्हत्या, नुसता खरखराट. विमलबाईंनी चिवड्याचं पातेलं उचललं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चला. केशरबाईकडं चला सगळे. माझ्या पोरीला मी बघणार."

वरात निघाली. गोविंदराव सगळ्यात मागं होते. बन्सीधरशेठनी खरोखरच सतरंजी टाकली होती, पण त्यांचा टीव्ही लावला तर त्यावर मुंग्यांचं वारूळ फुटलेलं. केशरबाई हळहळल्या, "परवापासनं असंच हाय बाई. कापसाचा टाइम, ह्यांना वर बघायला सवड कुठं हाय?"

"थांबा, मी वर जाऊन बगतो," लिंबाजी उठला.

गोविंदराव त्याच्या आधी दाराशी पोचले. वर लाल फीत होती. मानवतमध्ये लाल फीत एकाच कचेरीत मिळायची, आणि त्या कचेरीत ती एकाच माणसाच्या टेबलाच्या खणात असायची. लिंबाजीनं ती रोज बघितलेली.

"तू बस. मी जातो," ते म्हणाले.

"तुमी कामून?" बन्सीधरशेठ म्हणाले. "पोरगी तुमची दिसायलीय. तुमी म्होरं बसा."

"मला दिशा माहीत आहे," गोविंदराव म्हणाले, आणि ते तर अगदी खरं होतं.

गच्चीवर जाऊन त्यांनी घाईघाईनं फीत सोडून खिशात कोंबली आणि अँटेनाचं तोंड परभणीकडं वळवलं. खालून ओरडा झाला, "आलं! आलं!" ते फीत बांधायला हात काढतात न काढतात तोच वाऱ्यानं अँटेना फिरली. "गेलं! गेलं!" पुन्हा धरली. "आलं!" एका हातानं धरून दुसऱ्यानं बांधू बघितली. "गेलं!" खालून विमलबाईंचा आवाज आला, त्यात रडू होतं. "अहो, हलू नका हो! सुरू झालं!"

तेव्हा गोविंदरावांनी बांधायचा नाद सोडला. दोन्ही हातांनी पाइप छातीशी धरून ते उभे राहिले. कार्तिकातला गार वारा सुटला होता. पाइप हातात थरथरत होता, आणि ते परभणीकडं तोंड करून, श्वाससुद्धा बेतानं घेत उभे होते. खालून टीव्हीचा आवाज यायचा, पण शब्द कळत नव्हते. आता आपली हेमा दिसेल, आणि ती साऱ्या मुलखाला दिसेल, सतरंजीवर बसलेल्या लिंबाजीला दिसेल, फक्त आपल्याला दिसणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. इतकं की दोष कुणावर ठेवावा हेही क्षणभर सुचेना.

"दिसली का?" ते वरून ओरडले.

खाली सगळं चिडीचूप होतं.

"अगं, दिसली का हेमा?"

"दिसली!" विमलबाईंचा आवाज आला. "दिसली हो! धरून ठेवा!"

"वा वा वा!" बन्सीधरशेठ ओरडले. मग सगळेच ओरडायला लागले. टाळ्या झाल्या. गोविंदरावांनी पाइपावर कपाळ टेकवलं.

ते खाली उतरले तेव्हा त्यांच्याभोवती गर्दी झाली. "काय गोड हसली!" केशरबाई म्हणाल्या. "हिंदी तर दिल्लीवाल्यासारखी फाडफाड," शेठ म्हणाले. कुठं उभी होती, असं गोविंदरावांनी विचारलं, तर लिंबाजी म्हणाला डाव्या अंगाला आणि त्याच दमात शेठ म्हणाले उजव्या. एवढ्या तफावतीवर गोविंदरावांनी एरवी महिनाभर चौकशी चालवली असती. त्या दिवशी ते नुसते हसले आणि त्यांनी चिवडा मागितला. विमलबाई मात्र पाठ करून पातेलं पुसत होत्या.

शनिवारी हेमा आली. गोविंदराव तिला आणायला एस.टी. स्टँडवर गेले होते. ती उतरली ती तोंड पाडूनच.

"बघितलं का बाबा?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "आमाला सगळ्यांना कापून टाकलं. नुसते सर दाखवले अन् अळी दाखवली. माझा एकटा हात आला, बोंड धरलेला. मेसमधल्या पोरी अजून हसायल्यात."

गोविंदराव जागच्या जागी थांबले. पहिल्यांदा ती शांतता आठवली. मग डावं आणि उजवं आठवलं. मग विमलबाईंची पाठ. सगळ्या गल्लीनं मिळून त्यांना फसवलं होतं, घरच्या माणसासकट. त्यांचं डोकं तापलं. आता एकेकाकडं बघतो! चालता चालता त्यांनी सवयीनं तपास सुरू केला. खोटं बोलणाऱ्याचा काहीतरी फायदा असतो, तो शोधला की माणूस सापडतो, हा त्यांचा नेम कधी चुकला नव्हता. बन्सीधरला काय मिळालं? काही नाही. केशरबाईला? काही नाही. लिंबाजीला चिवडा मिळाला, पण तो त्याला तसाही मिळणारच होता. विमलला काय मिळालं? त्यांनी पहिल्यापासून पुन्हा तपासलं. सबंध बाजारपेठ ओलांडून झाली तरी कुणाचाच फायदा सापडेना, आणि गल्ली आली तेव्हा त्यांनी ती चौकशी बंद केली.

केशरबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. हेमाला बघून सूप टाकून उठल्याच. "आली गं माझी बाय! टीवीत लय गोड दिसली! काय हसणं, काय बोलणं!" त्यांनी तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि उलटापालटा करून बघितला. "हात तर मी लगीच वळखला बघ."

हेमा गोंधळली. तिनं वडिलांकडं बघितलं. "पण काकू, मी तर..."

"आधी पाया पड काकूंच्या," गोविंदराव म्हणाले, आणि त्यांनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःकडं घेतली.